हिंदुरावांची सहा गुंठे मेथी

हडपसरला आमच्या सोसायटीच्या दोन इमारतींच्या मधोमध सहा गुंठ्यांत मेथी उगवते. मालक हिंदुराव तळमजल्यावर राहतात. इमारतींखालची जमीनही मूळ त्यांचीच. चार फ्लॅट भाड्यानं दिलेत, दारात लांबलचक गाडी, पण कुणी "काय करता?" विचारलं, की छाती काढून सांगणार, "शेती हाय आपली."

त्यांच्या सौभाग्यवती बायडाबाई यावर नाक उडवतात. बिल्डरला ते रान पार्किंगसाठी हवंय आणि बाईंना ते कधी एकदा देऊन टाकते असं झालंय. गेल्या सप्टेंबरात मेथी पाण्याखाली गेली. हिंदुरावांनी नुकसानीच्या अनुदानासाठी नाव दिलं, तेव्हा बाईंनी भर पार्किंगमध्ये जाहीर केलं, "सरकारनं तुमाला शेतकरी म्हनून पैसं दिलं तर रान ऱ्हाईल. न्हाईतर मी बिल्डरला हो म्हननार."

हिंदुराव ऐटीत "चालंल" म्हणाले. त्यांना कसली काळजी! पीक पाण्याखाली जाण्याआधीच त्यांनी त्याची नोंद मोबाईलवर, सरकारी ॲपमध्ये केली होती. आपल्या रानात उभं राहायचं, फोटो काढायचा, पाठवायचा. झालं.

पंचनाम्याला महसूल खात्याचे अनिरुद्ध नावाचे तरुण अधिकारी आले. त्यांनी ती नोंद उघडली आणि बघतच राहिले. फोटोत कडक इस्त्रीचा सदरा, पांढरी टोपी, पीळ भरलेल्या मिशा. मागे आमची पाण्याची टाकी. मेथीचं पान औषधालासुद्धा नाही.

"आजोबा, पिकाचा फोटो काढायचा होता. हा तर तुमचा आहे."

"आता मला काय ठावं? बँकेत थोबाड दाखवा, रेशनला थोबाड दाखवा. हितंच तेवढी मेथी दाखवायची व्हय?"

अनिरुद्धना हसू आवरेना. पण समोर रानात नुसता चिखल. "पीक होतं याला काहीतरी आधार हवा. नाहीतर मला जमीन पडीक लिहावी लागेल."

बायडाबाई दारातून बघत होत्या. हिंदुरावांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. त्यांना असं बोडकं मी प्रथमच पाहिलं आणि नेहमीसारखं चिडवायचंच विसरले.

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरून पद्मजाताई कडाडल्या. पेठेतल्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या या बाई म्हणजे त्या रानाच्या जाहीर शत्रू. शेणखताच्या वासाची तक्रार सोसायटीच्या ग्रुपवर सकाळ-संध्याकाळ.

"अहो साहेब! त्या शेणखतामुळे ऑगस्टभर मी खिडकी उघडलेली नाही. आणि आपण जमीन पडीक म्हणता? मग तो वास काय माझ्या स्वयंपाकघरातून येत होता?"

"ते ठीक आहे, पण पीक आपण पाहिलंत का?"

"पाहिलं? विकत घेऊन खाल्लं! जुडीत माती फार असते, तेही लिहा."

मग काय, गॅलऱ्या-गॅलऱ्यांतून मेथीचे ग्राहक बोलू लागले. कुणी पराठे सांगितले, कुणी पिठलं. पद्मजाताईंनी खाली येऊन पंच म्हणून पहिली सही ठोकली, त्याखाली मी केली. अनिरुद्धनी लिहिलं : मेथी, पूर्ण नुकसान.

दिवाळीनंतर बँकेचा मेसेज आला. आकडा सांगत नाही. चौघांची मिसळ कशीबशी निघाली असती, जादा पाव मागितले नसते तर. हिंदुराव मात्र लिफ्ट सोडून जिन्यानं घरोघरी मोबाईल दाखवत फिरले. शेवटी बायडाबाईंनी तो हातातून ओढून घेतला, आकडा वाचला आणि पदरानं डोळे पुसेपर्यंत हसल्या. मग सगळ्यांसमोर बिल्डरला फोन लावला.

"न्हाई जमायचं, सायेब. आमचं मालक शेती करत्यात."