बुधवारी बंद पडणारा सर्व्हर

नवा रायपूरच्या आमच्या ऑफिसात दर बुधवारी जेवण झालं की दीदी एखादा सर्व्हर मुद्दाम बंद करायच्या. दीदी म्हणजे आमच्या टीमच्या प्रमुख. नियम असा, की ज्याने ते काम केलं असेल त्याने कीबोर्डला हात लावायचा नाही, तोंडही उघडायचं नाही. दुसऱ्या कुणीतरी त्याने लिहिलेला कागद वाचून सगळं पुन्हा सुरू करायचं.

त्या बुधवारी पाळी माझी होती. सोमवारी आमची रक्तपेढ्यांची यंत्रणा दूरच्या जिल्ह्यांत सुरू होणार होती. कुठल्या दवाखान्यात कोणत्या गटाचं रक्त किती आहे, ते पडद्यावर दिसणार. मुख्य सर्व्हर पडला तर दुसऱ्या सर्व्हरने काम उचलायचं, एवढा भाग माझा.

दीदींनी बटण दाबलं. सगळे ज्याला भैया म्हणायचे त्या सहकाऱ्याने माझा कागद वाचत दुसरा सर्व्हर उभा केला. पडदा हिरवा झाला.

"वा रे पोट्टी," तो म्हणाला, "बोलत नाही, पण लिहिते झकास."

पण एका दवाखान्यापुढे ओ निगेटिव्हच्या दोन पिशव्या दिसत होत्या. चाचणीच्या नोंदींत त्या जेवणाआधीच रुग्णाला दिलेल्या होत्या. नव्या नोंदी दुसऱ्या सर्व्हरवर नेणारा प्रोग्राम मी रोज सकाळी माझ्या लॅपटॉपवरून सुरू करायची. त्या दिवशी विसरले होते, आणि कागदावर तर तो नव्हताच.

कुणाच्या लक्षात आलं नाही. मंडळी चहाला उठली. गप्प बसणं मला नेहमीच जमतं. पण सोमवारनंतर कुणीतरी अशाच नसलेल्या दोन पिशव्यांसाठी गाडी पाठवेल, हे डोळ्यांसमोर आलं.

"दीदी, ये गलत दिखा रहा है," मी म्हणाले. आवाज पोचलाच नाही. पुन्हा म्हणाले, आणि लॅपटॉपचं सांगून टाकलं.

दीदींनी ऐकून घेतलं आणि मंत्रालयातल्या साहेबांना फोन लावला. "सोमवार को नहीं होगा, सर. एक गलती पकड़ी है." पलीकडून कुणाची ते विचारलं असावं. "मेरी. पास मैंने किया था."

घराचा पत्ता सांगावा तसं त्यांनी ते सांगितलं. चूक म्हणजे वर्गासमोर उभं राहणं, एवढंच मला माहीत होतं. ती अशी सहज उचलून स्वतःकडे घेता येते, हे मी पहिल्यांदा पाहत होते.

"नियम तोडला हिने," भैया म्हणाला. "आजचा चहा हिच्याकडून."

"हव. नियमच बदलला आता," दीदी म्हणाल्या. "कागद बरोबर असेल तर गप्प. चुकला असेल तर ओरडायचं." मग खुर्ची माझ्याकडे ओढून त्यांनी वही उघडली. "मले सांग, आणखी काय काय तुझ्या डोक्यातच आहे?"

माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नसलेली आणखी तीन कामं निघाली. दीदी एकेक ओळ लिहून मला वाचून दाखवत होत्या, आणि मी मान हलवेपर्यंत पुढची लिहीत नव्हत्या.