चौथऱ्यावरचा अमोनाइट

राजारामपुरीतल्या त्या बंगल्यावरून रिक्षा गेली, की अंगणातला रिकामा चौथरा मला अजून दिसतो. त्यावरचा बैलगाडीच्या चाकाएवढा दगड चोरीला गेला होता.

फिर्याद द्यायला बंगल्याचे मालक, भूगर्भशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, स्वतः माझ्या पोलीस ठाण्यात आले. हृदयाच्या दुखण्यातून उठून नुकतेच घरी परतलेले. दगड म्हणजे अमोनाइट, डायनासोरच्या काळातला शंखासारखा समुद्री जीव, दगड झालेला. आपल्याकडच्या काळ्या कातळात असलं काही सापडत नाही. लग्न झाल्या वर्षीच त्यांनी आणि पत्नीने तो तमिळनाडूत उकरून काढला होता. पत्नी आता हयात नव्हत्या.

"तिच्या हातचं एवढंच उरलंय," सर म्हणाले. आमचा ठाणे अंमलदार हसू दाबत होता. त्याला मी खडसावून बाहेर काढलं.

पंचनामा झाला. जुन्या वस्तूंचे दलाल उचलून आणले, त्यांचं डोकं खाल्लं, हाती काही लागलं नाही. मग कोपऱ्यावरच्या दूधवाल्याने टीप दिली. "सर दवाखान्यात हुतं तवा टेम्पो आलता. म्होरं मावशीच बसल्या हुत्या की."

मावशी म्हणजे सरांकडे कित्येक वर्षं स्वयंपाक करणारी बाई. महिला पोलीस शेजारी बसवून चौकशी सुरू केली. चोरी केली का, म्हटलं की "न्हाय." खोटं बोलणारा शपथा घेतो, पाणी मागतो, ही बाई नुसती समोर बघत होती. माझा पारा चढला होता. शेवटी चोरी हा शब्दच टाकून दिला आणि विचारलं, "मावशी, दगड कुठाय?"

"दगड न्हवं साहेब, चक्राचा देव त्यो. सरांच्या बाई रोज फूल वाहायच्या. रंगाऱ्याची शिडी पडून त्येला तडा गेला आन् म्हयन्यात बाई गेल्या. आता सर आजारी पडलं. भंगलेला देव घरात ठिवत्यात व्हय? भावाचा टेम्पो आन् चार गडी आणलं, गगनबावड्याच्या वाटंला नदीत सोडला. सरांना सांगितलं असतं तर परत आणला असता त्यांनी."

नदी दुथडी भरून वाहत होती. पाणबुडे उतरवले, गाळाशिवाय काही मिळालं नाही. अप्रामाणिक हेतू नसेल तर कायद्याने ती चोरी होत नाही. माणूस सापडला होता, गुन्हा सापडत नव्हता.

सरांना ठाण्याच्या व्हरांड्यात सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तो देव नव्हता, हे तिला सांगू नका. माझ्या जिवासाठी केलंय तिनं. कळलं तर खचेल ती."

लोकांच्या तोंडून खरं वदवून घेण्यात माझी सारी नोकरी सरली, आणि त्याचा मला तोराही होता. काही खरं आपल्याच पोटात ठेवायचं असतं, हे मला त्या व्हरांड्यात कळलं. फार वाईट वाटलं.

तेवढ्यात मावशी बाहेर आली. "सर, आता तुमच्या जिवाला भ्या न्हाय न्हवं?"

"नाही," सर म्हणाले. "चल घरी. स्वयंपाक राहिलाय."