पंडूच्या जागी वसंता

वसंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी साकीनाक्याच्या शेडमध्ये एका प्लायवूडच्या तिजोरीला लोखंडी रंग देत बसलो होतो. शेजारच्या गॅरेजवाल्याने हाक मारली. पलीकडून वसंताचा मेहुणा बोलत होता, "दाढी करता करता गेले हो... डॉक्टर येईपर्यंतही थांबले नाहीत." पंचेचाळीस वय. मला रडू फुटायला हवं होतं. लाज वाटते लिहायला, पण माझ्या मनात पहिल्यांदा आला तो हार.

आम्ही दोघं अंधेरीच्या एकाच शाळेतले. तो पुढे सिनेमात सहायक दिग्दर्शक झाला आणि मलाही ओढून प्रॉपर्टीवर लावलं, म्हणजे कपबशीपासून बंदुकीपर्यंत पडद्यावर दिसणारी वस्तू आणायची, मांडायची, सांभाळायची. बारा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढल्यावर वसंताला स्वतःचं चित्र मिळालं. महाभारत, पण आजचं. कौरव-पांडव म्हणजे साकीनाक्यातल्या एका कारखान्यावरून भांडणारे चुलतभाऊ, द्यूताच्या जागी क्लबातली रमी, आणि कृष्ण म्हणजे स्कूटरवरून फिरणारा युनियनचा वकील. "वश्या, लोक हसतील रे," मी म्हटलं. "हसू देत. आधी हसतील, मग गप्प होतील," तो म्हणाला. त्या माणसाला अडवणं मला शाळेतही जमलं नव्हतं.

साकीनाक्याच्या शेडमध्येच कारखान्याच्या ऑफिसाचा सेट लावला होता, त्याच्या भिंतीवर मेलेल्या पंडूचा फोटो हवा होता, हार घातलेला. ठरलेल्या म्हाताऱ्या नटाने ऐनवेळी हात वर केले, जिवंतपणी हार नको म्हणाला. "मग माझा लाव," वसंता म्हणाला, "मी काय लगेच मरतोय?" आमच्या युनिटात यावर एक तोड होती. शॉट झाला की हार लगेच उतरवायचा आणि ज्याचा फोटो त्याच्या हातावर साखर ठेवायची. वसंताची बायको, सुमनवहिनी, मुहूर्ताला आल्या होत्या. त्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि रागावल्या की तोंडी येते ती मालवणी आली. "जित्या माणसाच्या फोटोक हार? भावजी, तो आजच्या आज काढा. माका वचन द्या." मी दिलं.

पण कंटिन्युइटी नावाची एक अवदसा आमच्या धंद्यात असते. आज हार जसा लोंबतोय तसाच उद्याच्या शॉटमध्ये लोंबला पाहिजे, नाहीतर एडिटिंगच्या टेबलावर बोंब. चंदनाचा हार, मापाने टाचून बसवलेला. मी तो काढला नाही. संध्याकाळी वहिनींनी विचारलं, "काढलात?" मी म्हटलं, "काढला. साखरही दिली." मग नायिकेच्या तारखा मिळेनात आणि शेडला कुलूप लागलं ते साडेचार महिने. आत अंधारात वसंता हार घालून भिंतीवर. किल्ली माझ्या खिशात होती. दोनदा दारापर्यंत गेलोही... पण असल्या गोष्टी आपण मानत नाही, असं स्वतःला बजावत परत फिरलो. अखेर शूटिंग पुन्हा ठरलं, तेव्हा वहिनी नारळ घेऊन आल्या. कुलूप उघडलं. फोटोवर बोटभर धूळ, हारात कोळ्याचं जाळं. वहिनींनी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नारळ खाली ठेवला आणि निघून गेल्या.

चित्र लागलं घाटकोपरला. वाईट होतं. मित्र गेला म्हणून खोटं कशाला लिहू? युद्धाच्या वेळी शंखाऐवजी स्कूटरचा हॉर्न वाजला आणि सगळं थिएटर हसून लोळलं. गप्प काही कुणी झालं नाही. त्याच्या आधी, सुरुवातीलाच, पंडूचा फोटो दिसताच मागून कुणीतरी म्हणालं, "हा बरा, पहिल्याच रिळात सुटला." शेजारी बसलेला वसंता खो खो हसला. पलीकडून वहिनींनी त्याचा हात धरला तो खेळ संपेपर्यंत सोडला नाही. आठवड्यात चित्र उतरलं. वसंता पुन्हा दुसऱ्यांच्या हाताखाली कामाला लागला. "वाट लागली यार, पण केलं ना मी," एवढंच म्हणायचा. छातीत दुखतं हे त्याने कुणालाच सांगितलं नाही. सव्वा वर्षाने गेला.

तेराव्याला पाटावर फोटो मांडला होता. वहिनींनी फुलांचा हार माझ्यापुढे धरला. "तुमीच घाला, भावजी. तुमका सवय आसा." टोमणा होता की हक्क, मला कळलं नाही. मी घातला, आणि एवढ्या दिवसांचं तोंडाशी आलेलं बोललो, "वहिनी, तेव्हा मी खोटं बोललो. चुकलं माझं." त्या म्हणाल्या, "चाय टाकतंय," आणि आत गेल्या.

माणूस हाराने मरत नाही, हे मला कळतं. चार माणसांत मी तसं ठणकावून सांगेनही. पण त्या साडेचार महिन्यांतला एक दिवस तरी मला परत हवा आहे, आणि तो मिळणार नाही.

तेव्हापासून मी दर रविवारी वहिनींकडे जातो. फोटो आता बाहेरच्या खोलीत भिंतीवर आहे. मी दाराजवळच्या खुर्चीत त्याच्याकडे पाठ करून बसतो, वहिनी चहा देतात, गावाकडचं काहीबाही सांगतात... हाराचा विषय दोघंही काढत नाही. गेल्या रविवारी गेलो तर खुर्ची फोटोच्या भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती.

"बसा," वहिनी म्हणाल्या.

मी बसलो.