अण्णा 'सरी' म्हणेनात!

फेट्याचं कापड एकदा सुटलं की आवरता आवरत नाही. आमच्या वेंकोबा अण्णांच्या गोष्टींचंही तसंच. एकाला सांगायला बसलो की चौघं खुर्च्या ओढून येतात.

अण्णा चिकपेटेतले फेटे बांधणारे. बंगळुरातल्या मराठी लग्नांत नवरदेवाचं डोकं आधी त्यांच्या हाताखालून जाणार! मी सातवी नापास. साठी उलटल्यावर कापडाचं दुकान मुलाच्या गळ्यात मारलं आणि त्यांचा शिष्य झालो. हाव एकच: माझा फेटा बघून अण्णांनी एकदा तरी 'सरी' म्हणावं. कन्नडातलं एवढंसं 'सरी', म्हणजे 'बरोबर आहे'. पण म्हातारा म्हणेल तर शपथ!

*

सुरुवातीला मला नारळावर फेटे बांधायला बसवलं. मी कुरकुरलो, "अण्णा, माणसाचं डोकं कधी देणार?"

"नारळ तक्रार करत नाही, गुंड्या. नवऱ्याचा मामा करतो!"

*

राजाजीनगरातल्या एका लग्नात मी भल्यामोठ्या भोपळ्याला झकास फेटा बांधला आणि पहिल्या रांगेत खुर्चीवर बसवला. एका काकूंनी लांबूनच त्याला नमस्कार केला!

आता तरी म्हातारा हसेल म्हणून मी खांबाआड दबा धरून बसलो. अण्णा आले, मागे सोडलेला शेमला ओढून पाहिला आणि म्हणाले, "पाहुणे शांत आहेत. शेमला आखूड आहे."

*

आयटीतली एक पुण्याची मॅनेजरीण फेटा बांधून घ्यायला आली. "अण्णा, आमच्याकडे प्रत्येकाला मेंटर असतो. हाताला धरून पुढे नेणारा. तुमची मेथड काय?"

"आम्ही हाताला धरत नाही," अण्णा म्हणाले. "ज्यानं फेटा बिघडवला, त्यानं तोच घालून घरी जायचं."

ती खो खो हसली. त्या दिवशी बिघडवणारा मीच!

मेट्रोत सिक्युरिटीवाल्यानं अडवलं. "स्वल्प बिच्ची, सार!" थोडं उलगडून दाखवा म्हणे. उलगडलं. संपेचना! मागच्या लायनीतल्या लोकांनी कापड धरलं, तेव्हा कुठे त्याची खात्री पटली.

*

एका नवरदेवाला मोबाइलमध्ये मान घालायची सवय. ऐन मंगलाष्टकांत फेटा घसरला. अण्णांनी मला त्याच्या मागे उभं केलं, बोटानं फेटा उचलून धरायला. अल्बमभर माझा हात! मुलीकडचे विचारतात, "आशीर्वाद देणारे हे कोण महाराज?"

अण्णांचा शेरा: "गुंड्या, हात कच्चा. बोट मात्र पक्कं!"

*

परवा अण्णांच्या नातीचं लग्न झालं. आदल्या आठवड्यात अण्णा घसरले, उजवा हात प्लास्टरमध्ये. आजवर स्वतःच्या डोक्याला त्यांनी दुसऱ्याला हात लावू दिला नव्हता. अक्कानं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्यांना स्टुलावर बसवलं आणि मला म्हणाली, "बांध रे."

माझी थट्टा त्या दिवशी पार आटली. घाम पुसत पुसत बांधला.

अण्णांनी आरशात पाहिलं. उजवीकडून, डावीकडून. मी कान टवकारले.

"हं," म्हणाले आणि मांडवात निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काचा फोन. "गुंड्या, आधी इकडे ये. काल दुपारपासून हे फेटा काढू देत नाहीत. हात लावला की ओरडतात. झोपले तेही बसून! आणि आता आंघोळीला गेलेत, डोक्यावर साडीची प्लास्टिकची पिशवी चढवून!"