चालत्या चांदणीचे नाना

नाना माणसाशी बोलत, पण बघत आभाळात. नवख्या माणसाला वाटे, हा म्हातारा आपल्याला मोजतच नाही. दिंद्रुडजवळच्या आमच्या वस्तीवर त्यांची चाळीसेक मेंढरं होती. दिवस मावळला, मेंढरं वाडग्यात कोंडली, की नाना घोंगडं घेऊन घराच्या माळवदावर चढत. अंधार पडता पडता एखादा उजळ ठिपका आभाळातून सरकू लागे. नाना त्याला चालती चांदणी म्हणत. "लुकलुकतंय ते इमान. गुमान चाललंय ते आपलं," ही त्यांची पहिली शिकवणी.

ते उपग्रह असतात आणि सगळ्यांत ठळक दिसतं त्या अंतराळ स्थानकात माणसं राहतात, हे मी शाळेतून येऊन त्यांना सांगितलं. नानांनी विचारलं, "माणसं वर? मग त्यायची मेंढरं कोण बघतंय?"

नाना-नानी आमचे शेजारी. दिवाळीनंतर आई-अण्णा ऊसतोडीला जात, तेव्हा माझी शाळा बुडू नये म्हणून मला त्यांच्याकडे ठेवत. पाच-सहा महिने नानींची भाकरी आणि नानांचं माळवद.

एकदा नानांनी भलताच घोळ घातला. मेंढरं रोज ठरल्या वेळी घरी येतात, तशी चांदणीही येणार, असं ते धरून चालले होते. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, पण निम्म्या आभाळात अचानक विझली. नाना जेवेनात. मेंढरू मागं राहिलं की ते घास घेत नसत, तीच रीत त्यांनी वरही लावली. नानी वैतागल्या, "ती काय तुमची मेंढी हाय व्हय?" शेवटी मी फोनमध्ये शोधून सांगितलं, की तिची वेळ रोज बदलते आणि ती पृथ्वीच्या सावलीत शिरली की दिसेनाशी होते. नानांचा चेहरा खुलला. "सावलीत बसली म्हण की! मग हारवली न्हाई." आणि ताटावर बसले.

मी दहावीत होते तेव्हा मात्र माझंच बिनसलं. आईवाचून जीव रमेना. मागे राहिलेल्या एका टोळीचा ट्रॅक्टर सकाळी ऊसतोडीला निघणार होता. मी पिशवी भरली. शाळा सुटली तर सुटली, आईजवळ जायचं. नानांनी पिशवी बघितली.

"कावून गं?"

मी रडायलाच लागले.

"जा. आमी कोण आडवणार? पर आज चांदणी येणार हाय न्हवं? आईला फोन लाव. तिला बी दाव."

आई सांगलीकडच्या एका उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत राहत होती. मी म्हटलं, "आई, कोपीच्या बाहेर ये. मावळतीकडं बघ." थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला. मग आई ओरडली, "आगं दिसली! केवढी चमकतीय!" ती इकडे आमच्या आभाळात, तिकडे आईच्या. ती विझेपर्यंत आम्ही दोघी बघत राहिलो. मग आई म्हणाली, "लई दिवसांनी वर बघितलं बघ. फडात दिसभर मान खालीच आसती."

नानांनी उपदेश केला नाही. "आता तूच ठरीव," एवढं म्हणून ते खाली उतरले. मी पिशवी रिकामी केली.

आज मी पुण्यात एका दवाखान्यात नर्स आहे, ती त्या संध्याकाळमुळे. नानांचे हे उपकार फिटायचे नाहीत, आणि मला ते फेडायचेही नाहीत. पुण्यात नवी होते तेव्हा खोलीत करमायचं नाही. तेव्हापासून चांदणी यायची असली की मी गच्चीवर जाऊन नानांना फोन लावायची. "नाना, मावळतीकडनं येतीय, बघा." पलीकडून दर वेळी उत्तर यायचं, "दिसली, दिसली. लई झ्याक!"

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. मी दहाव्याला गावी आले तेव्हा नानींना सहज म्हटलं, शेवटपर्यंत चांदणी बघत होते बिचारे.

नानी म्हणाल्या, "कशाची बघतेत बाई! दोन वरसं झाली, त्यायला ताटातली भाकर दिसत नव्हती. पर तुझा फोन आला की माझा हात धरून वर जायचेच."

"मग दिसली कशाला म्हणायचे?"

"मी बी इचारलं. तर म्हणले, पोर दूर हाय. आपुन एकटीच बघतोय, आसं तिला वाटाय नगं."