तिसरं शांत गाणं

तिसरं शांत गाणं सुरू झालं आणि माऊसवरचा माझा हात थांबला.

मी रेडिओ स्टेशनच्या मागच्या खोलीत बसलो होतो. इस्रायलच्या नेगेव वाळवंटातलं छोटंसं स्टेशन आमचं. बेरशेवा, ओफाकिम आणि आजूबाजूची गावं, एवढेच आमचे श्रोते. मी तिथला टेक्निशियन. ठाण्याला होतो तेव्हा टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचो, इथे आल्यावर कॉम्प्युटर दुरुस्त करायला लागलो. खोलीतल्या स्पीकरवर दिवसभर आमचंच प्रक्षेपण चालू असायचं. पंख्याच्या आवाजासारखं ते कानावर पडायचं, पण ऐकू यायचं नाही. त्या दिवशी ऐकू आलं.

बाहेरच्या माणसाला हे नीट सांगायला हवं. त्या वर्षांत इथे बसमध्ये स्फोट होत असत. बातमी सांगण्याआधी रेडिओवरची गाणी बदलायची. नाचरी गाणी बंद, जाहिराती बंद, नुसती गिटार आणि दबक्या आवाजातलं काहीतरी, एकामागून एक. कुणी काही बोलायचं नाही, पण भाजीवाल्यापासून बँकेतल्या कॅशियरपर्यंत सगळ्यांना कळायचं. एक शांत गाणं लागलं तर ते नुसतं गाणं. दुसरं लागलं की माणसं मान वर करायची. तिसऱ्याला घरच्यांना फोन करायला लागायची.

त्यात रविवारची सकाळ. इथे सुट्टी शनिवारची; रविवारी सैन्यातली मुलं बस पकडून आपापल्या तळावर जातात. माझी मुलगी याएल त्यांतलीच. मीच तिला बेरशेवाच्या बसस्टँडवर सोडून कामावर आलो होतो.

मी तिच्या मोबाइलवर फोन लावला. लागेना. नेटवर्क बिझी. स्फोट झाला की असंच होतं, सगळा देश एकदम फोन करतो. मी मुळात भित्रा माणूस. मी पुन्हा लावला.

तेवढ्यात दार ढकलून रोनित आत आली. सकाळच्या बातम्यांची सगळी जबाबदारी तिच्यावर असायची.

"दानियल, शांत गाणी लावायला कुणी सांगितलं?"

"मला काय विचारतेस? तूच लावली असशील ना?"

"मी नाही. माझा बीपर गप्प आहे." मोठी घटना घडली की पत्रकारांच्या बीपरवर आधी मेसेज यायचा. "मला वाटलं, अवीला आतून काहीतरी कळलं असेल."

अवी म्हणजे आमचा बॉस. टेबलावरचा फोन वाजला तो त्याचाच. गाडीतून बोलत होता.

"रोनित कुठे आहे? कुठे झालं? किती लोक?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"कुणी म्हणजे? आपल्याच रेडिओवर ऐकतोय!"

रोनितने माझ्याकडे पाहिलं आणि मी स्क्रीनकडे. तिथे लाल अक्षरांत एकाखाली एक ओळी येत होत्या. फाइल सापडत नाही. फाइल सापडत नाही.

आमची गाणी तेव्हा कॉम्प्युटरच लावायचा. त्यासाठी त्याच्याजवळ मीडिया लायब्ररी असते. लायब्ररी म्हणजे प्रत्यक्ष गाणी नव्हेत. कुठलं गाणं कुठे ठेवलंय, कुणाचं आहे, सकाळचं की संध्याकाळचं, याची ती आठवण. माझ्या आईला डोळे मिटून सांगता येतं की जिरं कुठल्या डब्यात आहे, तसंच हे. मी त्या सकाळी भरून गेलेल्या जुन्या डिस्कवरची गाणी नव्या डिस्कवर नेऊन इम्पोर्ट करत होतो, म्हणजे कॉम्प्युटरला नवे डबे दाखवत होतो. फोल्डर हलवले की लायब्ररी नवा पत्ता आपोआप उचलेल, प्रक्षेपण थांबवायची गरज नाही, असं सॉफ्टवेअरवाल्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. लायब्ररीने काही उचललं नाही. रोजची गाणी सापडेनात म्हटल्यावर कॉम्प्युटर राखीव यादीकडे वळला. स्टेशन मुकं पडू नये म्हणून ती यादी असते. आणि तिच्यात अवीने शांत गाणी ठेवायला सांगितली होती. भलत्या दिवशी नाचरं गाणं लागलं तर लोक आपल्या तोंडात शेण घालतील, हे त्याचं म्हणणं. ते मलाही पटलं होतं.

मी अवीला दोन वाक्यांत सांगितलं.

"म्हणजे काही झालेलं नाही?" तो ओरडला. "मग आत्ताच्या आत्ता काहीतरी आनंदी लाव!"

"लावायचं नाही," रोनित म्हणाली. "आधी मी पोलिसांना विचारते. खरंच काही झालं असलं आणि आपण नाचरं गाणं लावलं तर?"

तिचं बरोबर होतं. गाणी का लागली ते मला कळलं होतं, पण नेटवर्क का बिझी आहे ते कुठे कळलं होतं? आमची गाणी ऐकून लोक फोन करत असतील, असं मी स्वतःला समजावत होतो. तरी मी याएलचा नंबर पुन्हा पुन्हा दाबत राहिलो.

एवढ्यात ओफाकिमहून आईचा फोन आला. तिने नातीला लहानाचं मोठं केलेलं.

"दानियल, पोरगी कुठं हाय?"

"आई, काही झालं नाही. कॉम्प्युटर बिघडलाय."

"मला फसवू नको. माझी शपथ घे."

मी शपथ घेतली नाही. धीरच झाला नाही.

पोलिसांचा फोन अखेर लागला. रोनितने स्पीकर चालू केला. ड्यूटीवरचा अधिकारी तिचं ऐकून न घेताच म्हणाला, "बरं झालं फोन केलात. कुठे झालंय? आम्हीही तुमचाच रेडिओ ऐकतोय."

रोनित मटकन खुर्चीत बसली. तिने त्याला सगळं समजावलं. "थांबा, वर विचारतो," म्हणून त्याने फोन बाजूला ठेवला. खोलीतल्या स्पीकरवर कुणी बाई समुद्राबद्दल हळू आवाजात गात होती. पूर्वी मला ते गाणं आवडायचं.

"काही नाही," अधिकारी परत येऊन म्हणाला. "कुठेही काही नाही. पुन्हा असं करू नका."

मी नवी डिस्क उघडली आणि हाताला लागलं ते पहिलं नाचरं गाणं लावलं. ते संपायच्या आत याएलचा फोन आला. मी तिच्याशी मराठीत बोलतो, ती हिब्रूत उत्तर देते.

"अब्बा, मा कारा? काय झालं?"

"काही नाही गं. तू कुठे आहेस?"

"बसमध्ये. ड्रायव्हरने रेडिओ लावला होता. बस रस्त्याच्या कडेला उभी केली त्याने. कुणी बोलेना. सगळे एकमेकांच्या बॅगांकडे बघत होते, माझ्याही. एक म्हातारी उतरून पायीच निघाली. कुठे झालं?"

"कुठेच नाही. मी गाणी इम्पोर्ट करत होतो."

ती रडायला लागली. मग मीही. रोनित खोलीबाहेर निघून गेली.

राखीव यादीत काय ठेवायचं यावर नंतर मीटिंग झाली. शांत गाणी नकोत, नाचरी तर नकोतच, आणि रेडिओ गप्प झाला तर लोकांचा जीवच जाईल. शेवटी रोनितच्या आवाजात एक निवेदन रेकॉर्ड केलं: कॉम्प्युटरमध्ये बिघाड आहे, हाकोल बेसेदेर, म्हणजे सगळं ठीक आहे. आम्ही सगळे स्वतःवर खूश झालो.

काही महिन्यांनी कॉम्प्युटर खरोखरच बिघडला आणि ते निवेदन लागलं. मी स्क्रूड्रायव्हर शोधत होतो, तोच आईचा फोन आला.

"दानियल, रेडिओवर ती बाई सारखी सगळं ठीक हाय, सगळं ठीक हाय म्हणते. काय झालं रे? याएल कुठं हाय?"

सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय की सर्वांत कमी श्रोते असतात त्या वेळी इम्पोर्ट करावं. मी याएल घरी असेल त्या दिवशी करतो.