गंजाखालचं वेल्डिंग

एकोणीस वर्षांचा असताना मी वडिलांची, अण्णांची, ॲम्बेसिडर पाण्यात घातली. दिंद्रुडचा बाजार करून आम्ही वडवणीकडे निघालो होतो. मागे विक्रीच्या कापडाचे गठ्ठे, शेजारी अण्णा, स्टिअरिंगवर मी. ओढ्याच्या फरशी पुलावरून पाणी वाहत होतं. जरा थांबू, असं अण्णा म्हणाले होते. मी थांबलो नाही. मधोमध काहीतरी कडाडलं आणि गाडीत धूर भरला. तापल्या लोखंडावर गार पाणी पडलं की ते तडकतं, एवढंच अण्णा बोलले. बैल लावून गाडी घरी आणली, पत्र्याच्या शेडमध्ये ढकलली. त्यानंतर तिला पाना म्हणून लागला नाही.

पुढच्या आठवड्यात मला पुण्याला एका कारखान्यात कामावर हजर व्हायचं होतं. मी गेलो नाही. गाडी मी घालवली, मग गठ्ठे कोण वाहणार? सव्वीस वर्षं मी ते एसटीत चढवले आणि उतरवले.

यंदा अण्णांनी ऐंशी ओलांडली. त्यांना एकदा त्याच गाडीतून बाजाराला न्यायचं, असं मी मनात धरलं. सिरसाळ्याच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी सांगितलं, आधी धुराचा रस्ता साफ कर. म्हणून सायलेन्सर, नळ्या आणि मॅनिफोल्ड उतरवला. मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करून नळीत सोडणारा ओतीव लोखंडाचा भाग. त्या दिवशी तडकला तो हाच. गंज काढायला मिस्त्रींचा उपाय स्वस्तातला होता: गुऱ्हाळावरची बिघडलेली काकवी पाण्यात कालवून भाग त्यात बुडवून ठेवायचे. पंधरा दिवस अंगणात आंबूस वास होता. बायको नाक धरून जायची, मुंगळ्यांची चंगळ झाली.

सोळाव्या दिवशी मॅनिफोल्ड उकळत्या पाण्याने धुतला, तारेच्या ब्रशने घासला. करडं, स्वच्छ लोखंड वर आलं. तडाही दिसला. पण तड्यावर वेल्डिंग होतं, कानशीने घासून सपाट केलेलं, आणि त्याच रेघेत ते पुन्हा उललं होतं. ओढ्यानंतर पाना लागला नाही, तर हे वेल्डिंग कधीचं?

तो मॅनिफोल्ड पोत्यात घालून मिस्त्रींकडे नेला. त्यांनी चष्मा वर सरकवून पाहिलं.

"माझंच काम हाय हे. तू गाडी पान्यात घालायच्या दोन म्हैने आदी केलतं. टिकनार न्हाई, नवा टाका, असं आन्नाला सांगितलतं मी." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "का रं, तुला ठाव न्हवतं?"

त्यांनी तडा नव्याने सांधून दिला. मी घरी आलो आणि मॅनिफोल्ड अण्णांच्या बाजेवर ठेवला. त्यांनी सांध्यावरून अंगठा फिरवला, चहा झाला का विचारलं. मी म्हणालो, तो आधीच तडकलेला होता हे तुम्हाला माहीत होतं.

"मी तुला पुन्याला जाऊ नको म्हनलो का कदी?" ते म्हणाले. "तू आपल्या मनानं राह्यलास."

खरं होतं ते. असा एक शब्दही त्यांच्या तोंडून कधी निघाला नव्हता. मी रोज मान खाली घालून गठ्ठे उचलत होतो आणि ते पाहत होते, इतकंच.

मॅनिफोल्डला उष्णता सोसणारा चंदेरी रंग मी त्याच संध्याकाळी दिला. अण्णा रोज सकाळी काठी टेकत शेडच्या दारापर्यंत येतात आणि कधी निघायचं म्हणून विचारतात. रंग वाळतोय, असं मी सांगतो. तो रंग तासाभरात वाळतो. आज तीन आठवडे झाले.